ओठांवर उजेड

३ मार्च, सोमवार

चौदा वेळा! "तुमचं नाव काय?" एवढं एक वाक्य चौदा वेळा बोलले आणि कॉम्प्युटरवर पाहिलं तर माझं तोंड तव्यासारखं काळं. खिडकी पाठीमागे घेऊन बसले होते – बाहेरचं झाड छान दिसतं म्हणून. झाडाचं पान न् पान दिसतंय. ओठ मात्र गायब. आणि शिकवायचं काय, तर ओठ वाचायला!

शाळा बंद होऊन दोन महिने झाले. एकवीस वर्षं बहिऱ्या मुलांना समोरच्याच्या ओठांवरून बोलणं ओळखायला शिकवलं. दुसरं काही मला येत नाही. आया अजून फोन करतात – "बाई, पोरगी विसरत चाललीय हो." म्हणून हा व्हिडिओंचा खटाटोप. एकेक वाक्य आधी आवाजासकट, मग तेच आवाज बंद करून. घरातल्या घरात, मोबाईलवर, आहे त्या सामानात.

कॅमेरामन घरचाच. ह्यांनी कारखान्यातल्या भंगार पाइपातून मोबाईलला स्टँड करून आणलाय. दिसतो जिराफासारखा, पण तसूभर हलत नाही. "तीस वर्षं पत्रे वाकवतोय. काहीही वाकवू शकतो – तुला सोडून," म्हणे! नवऱ्याचे विनोद.

४ मार्च, मंगळवार

उजेड समजला! खुर्ची फिरवली, खिडकी तोंडासमोर घेतली. अर्धं काम तिथेच झालं. तरी नाकाखाली सावली राहतेच. एका गृहस्थांनी सकाळी टाकलेल्या व्हिडिओखाली लिहिलंय – "बाई, राग मानू नका, पण तुम्हाला मिशी असल्यासारखं दिसतं." राग कसला, खरंच आहे! टीव्हीच्या खोक्यातला पांढरा थर्मोकोल मांडीवर आडवा धरला. खालून उजेड उलटून वर आला, मिशी गेली.

आजचे धडे, माझ्यासाठी : मोबाईल डोळ्यांच्या नाही, ओठांच्या उंचीला. लिपस्टिक नको, चमकते. मागे करडी चादर, इस्त्री करून – चुरगळलेली चादर डोळ्याला खेचते. आणि ओठ ताणून बोलायचं नाही. सगळे तेच करतात. बहिऱ्या माणसाशी बोलायचं म्हटलं की तोंड माशासारखं. बाहेर कोण तसं बोलतं? जसं बोलतो तसंच बोलायचं, जरा सावकाश.

हे स्टँडमागे उभे होते. "आत्ता दिसतेस माणसासारखी," म्हणाले.

६ मार्च

दोनशे बारा जणांनी पाहिला. दोनशे बारा! शाळेत एका वर्गात आठ मुलं असायची.

९ मार्च, रविवार

आज आवाजाचा सत्यानाश.

लेकीनं शहरातून कॉलरला लावायचा छोटा माईक पाठवलाय. ह्यांनी हेडफोन लावून ऐकायचं आणि अंगठा दाखवायचा, असं ठरलं. प्रत्येक वाक्याला अंगठा. "एकदम स्वच्छ," म्हणाले. दुपारी पाहते तर पहिल्यापासून शेवटपर्यंत वरच्या मजल्यावरच्या सुताराचं ड्रिल! घर्रर्र घर्रर्र. माझा आवाज त्याच्याखाली कुठेतरी.

"अहो, हे ऐकू नाही आलं?"

"तेव्हा नव्हतं गं."

नव्हतं कसं? रेकॉर्ड कुणी केलं मग? लेक फोनवर हसत सुटली – "आई, बाबांनी हेडफोन कानांना लावले होते की गळ्यात?"

मीही हसले. पण माझं लक्ष नव्हतं म्हणावं तर मी बोलत होते. त्यांचं तर कामच ऐकण्याचं होतं.

११ मार्च

फेकून द्यायच्या आधी रविवारचं सगळं चित्रण पुन्हा एकदा पाहिलं. शेवटचा तुकडा – मी उठून स्वयंपाकघरात गेलेय आणि मोबाईल चालूच राहिलाय. फ्रेममध्ये हे. पाठमोरे, चादरीच्या पिना काढताहेत. आतून माझी हाक येते – "अहो, दूध बघा!" हे पिना काढताहेत. "अहो!" पिना. तिसऱ्यांदा मी चांगली ओरडलेय. ड्रिल केव्हाच थांबलंय. हे चादरीची घडी घालताहेत, टोकाला टोक जुळवून. मग मी तणतणत फ्रेममध्ये येते, त्यांना दिसते, आणि हे – "हो हो, बघतोच आहे."

तो तुकडा पाच वेळा पाहिला.

एकवीस वर्षं लोकांची पोरं आणून बसवायचे माझ्यापुढे – "बाई, ऐकू येत नाही की लक्ष देत नाही?" दोन मिनिटांत सांगायची मी. आणि घरात? टीव्ही मोठा लावतात, तर म्हटलं सवय. फोन लेकीचा आला की माझ्याच हातात देतात, तर म्हटलं बापलेकीचं बोलणं नेहमीच कमी.

संध्याकाळी हे चहा पीत होते. मागे उभी राहून चमचा फरशीवर टाकला. खण्णकन. पेला ओठाला तसाच.

१२ मार्च, बुधवार

समोर बसले, उजेडाकडे तोंड करून, आणि विचारलं.

आधी उडवून लावलं. मग चिडले. मग – "तीस वर्षं पत्र्याच्या प्रेसजवळ उभा आहे. कान जड होणारच. त्यात काय?"

"तपासून घेऊ."

"आणि मग? कागदावर आलं की प्रेसवरून काढतील. गेटवर बसवतील, येणाऱ्याजाणाऱ्याच्या पिशव्या बघायला. मी!"

"धोका आहे अहो. तिथे एकमेकांना ओरडून सांगावं लागतं ना?"

"माझं मला कळतं. लंबू आहे समोर. बारा वर्षं एकत्र काम करतोय, त्याला मी आणि मला तो पाठ आहे."

लंबू म्हणजे प्रेसच्या पलीकडच्या बाजूला पत्रा धरणारा. सहा फुटांचा, मान खाली घालून दारातून आत येतो. माझ्या हातची भाजी ह्यांच्या डब्यातून अर्धी तोच खातो.

म्हटलं, मी शिकवते तुम्हाला. रोज अर्धा तास. तर ताडकन उठले. "मी काय तुझ्या शाळेतला पोरगा आहे?" दारापाशी वळून म्हणाले, "कुणाला बोलू नकोस. लेकीलाही नाही."

नाही बोलणार म्हणाले मी. का म्हणाले?

१५ मार्च

दोन व्हिडिओ केले. ढगाळ होतं – सगळ्यात चांगला उजेड, सगळीकडून सारखा, सावलीच नाही. हे मदतीला होते, पण अंगठा दाखवायचं आता मीच बंद केलंय.

१८ मार्च

चौदाशे! आणि एका आईनं लिहिलंय, पोरीनं दुकानदाराचं बोलणं आज स्वतः ओळखलं. पाच मिनिटं नुसती हसत बसले.

२० मार्च, गुरुवार

हे साडेअकरालाच घरी. शर्टावर रक्त.

"माझं नाही," म्हणाले.

लंबूची तीन बोटं गेली. उजव्या हाताची.

मोठा पत्रा होता. ह्यांचा पाय पेडलवर, पलीकडून लंबू पत्रा बसवतो आणि सांगतो. पत्रा सरकला म्हणून त्यानं हात आत घातला असावा. तेवढ्यात प्रेस खाली आला.

"त्यानं सांगितलं, मी दाबलं," एवढंच म्हणताहेत. आंघोळ करताना आतून तेच. जेवायला वाढलं, ताटाकडे बघत तेच. "त्यानं सांगितलं, मी दाबलं."

मी शर्ट भिजत घातला. बादलीशी बसून राहिले. देवा, मला माहीत होतं. आठ दिवसांपासून मला माहीत होतं.

२२ मार्च

दवाखान्यात जाऊन आले. एकटीच. हे म्हणाले, जाववत नाही.

लंबूचे पाय कॉटच्या बाहेर आलेले. हाताला पांढरा गोळा. मला बघून उठायला गेला! "पडून राहा," म्हटलं.

"वहिनी, दादांना बरं आहे ना? घाबरले असतील." हे त्यानं विचारलं. त्यानं!

मग जरा वेळानं, छताकडे बघत – "दादांना म्हणावं, मी ओरडलो होतो. थांब म्हणून ओरडलो. जिवाच्या आकांतानं ओरडलो. त्यांनी माझ्याकडे बघितलं, वहिनी. सरळ माझ्याकडे बघितलं आणि पाय दाबला. ते तसं का करतील? मला कळतच नाहीये."

त्याची बायको खिडकीशी उभी. शिवणकाम करते, बोटांना सुया टोचल्याच्या खुणा. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मी पिशवीत रुमाल शोधायला लागले. रुमाल माझ्या हातातच होता.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. तोंडासमोर उभी राहून, एकेक शब्द. "तो म्हणतो, थांब म्हणून ओरडला."

मान हलवली. "नाही."

"तुम्हाला ऐकूच आलं नसेल!"

"त्यानं सांगितलं तेव्हाच दाबलं मी." आणि बाहेर निघून गेले.

माझा नवरा खोटं बोलतो आहे. सव्वीस वर्षांत हे वाक्य लिहायची पहिली वेळ.

२५ मार्च, मंगळवार

कारखान्यात चौकशी सुरू. चौकशीचे साहेब बाहेरून आलेत, चष्मेवाले, हळू बोलणारे. ह्यांना तर ते समोर बसून हळू बोलले हे बरंच पडलं असेल!

साहेबांच्या कागदावर ह्यांचं : "समोरून इशारा मिळाल्यावर मशीन चालवले." लंबूचं : "मी थांबवण्यासाठी ओरडलो." तिसरं कुणी जवळ नव्हतं, आणि असतं तरी त्या धडधडाटात काय ऐकणार? लंबूनं न सांगता हात घातला असं ठरलं तर त्याचा निष्काळजीपणा, भरपाई नाही. उलट ठरलं तर ह्यांचं काम जाणार. दोन घरं, एक ताजवा. आमचं पारडं जड दिसतंय – ह्यांची तीस वर्षं, एक डाग नाही.

शेजारीण म्हणाली, "सुटतील बघा तुमचे." मी थँक्यू म्हणाले! जीभ झडली कशी नाही.

२६ मार्च

आजचा धडा ठरलेला होता. रोजची वाक्यं. चादर लावली, थर्मोकोल ठेवला, केस बांधले. उजेड अगदी हवा तसा. पहिलंच वाक्य – "मला ऐकू आलं नाही, पुन्हा सांगा."

नाही बोलता आलं. कॅमेरा नुसता चालू. अकरा मिनिटं माझा चेहरा, बिनबोलता.

सगळं पुसून टाकलं.

२९ मार्च, शनिवार

पण *तो* तुकडा पुसलेला नाही. तीन हाका, पाठमोरे हे, चादरीची घडी. कॉम्प्युटरवर तसाच आहे. रोज एकदा जाऊन बघते, आहे का. चोरानं चोरीचा माल बघावा तशी.

लेकीला सांगितलं शेवटी. शब्द मोडला.

"आई, पुसून टाक ते. आत्ताच्या आत्ता. बाबांचं आयुष्य जाईल."

"आणि लंबूकाकाचं?"

लहानपणी तिला खांद्यावर बसवून तो दिव्याचे बल्ब बदलायचा. तिच्या हातून बल्ब लावून घ्यायचा, वर मान करून विचारायचा – "लागला का गं?"

मग रडत म्हणाली, "नको पुसूस. मला काही विचारू नकोस आई, पण पुसू नकोस."

१ एप्रिल

लंबूची बायको आली होती.

दारात उभी राहिली, आत येईना. पाणी दिलं तर पेला हातात धरून तशीच. हे मागच्या खोलीत होते. आले नाहीत बाहेर.

"वहिनी, तुमच्याकडे कुठल्या तोंडानं येऊ, तुम्ही तर त्या बाजूच्या. पण दुसरं कुणाला येत नाही हे." मोबाईल काढला. कारखान्याच्या भिंतीवर कॅमेरा आहे म्हणे. साहेबांनी दोघांनाही त्या वेळचं चित्रण दिलंय. आवाज नाही. "तुम्ही ओठ वाचता ना? आमचे हे काय म्हणाले ते सांगा. जे असेल ते. ओरडलेच नसतील तर तसं सांगा, मग मी त्यांना म्हणेन, अहो, तुम्हाला भास झाला. पण ते झोपेत ओरडतात हो. थांब, थांब म्हणून."

म्हणजे आमच्या घरीही हे चित्रण आलेलं असणार. ह्यांनी मला दाखवलं नाही.

पाहिलं. देवा, काय ते चित्र! वरून घेतलेलं, कोपऱ्यातून. मागच्या शटरमधून ऊन आत, म्हणजे माणसं सगळी काळीच. माझा पहिला व्हिडिओ बरा म्हणायचा. एवढा मोठा कारखाना, एवढा मोठा कॅमेरा! लंबूचं तोंड मसुरीच्या दाण्याएवढं. ह्यांची पाठ. तोंड उघडतं, मिटतं. पाय. मग –

पुढचं बंद केलं.

"मला वेळ द्या," म्हटलं. ती म्हणाली, "पुढच्या बुधवारपर्यंत लेखी द्यायचंय." पाणी न पिताच गेली.

३ एप्रिल, गुरुवार

कॉम्प्युटरवर चित्र मोठं केलं. उजळ केलं, तर सगळं राखाडी दाणेदार झालं. लेकीनं फोनवरून सांगितलं तसं एकेक चौकट सुटी केली. दीड सेकंदाच्या अडतीस चौकटी. सकाळपासून त्यांच्यावर बसलेय. डोळे चुरचुरताहेत.

दिसतं ते असं. तोंड थोडं उघडतं. मग मोठा "आ". मग ओठ मिटतात, घट्ट.

आता ह्यांचं म्हणणं खरं धरलं, लंबूनं "चल" म्हटलं किंवा "हो" म्हटलं, तर शेवटी ओठ मिटायला नकोत. "चल"ला ओठ उघडेच राहतात. "हो"ला गोल होतात. हे मिटलेत. पुन्हा पुन्हा पाहिलं. मिटलेत.

थांब.

शंकाच नाही. मूल पहिलीत ओळखेल.

आणि सरळ त्यांच्या डोळ्यांत बघून बोललाय तो. तरी हे म्हणतात, इशारा मिळाला.

६ एप्रिल, रविवार

हे आज स्वतःहून म्हणाले, "व्हिडिओ नाही करत का? लोक वाट बघत असतील." स्टँड पुसून ठेवला होता. मी म्हटलं, डोकं दुखतंय. मग ह्यांनी थर्मोकोलवरची धूळ झटकली आणि जागेवर ठेवून दिला.

एवढा साधा माणूस. ह्याला खोटं बोलवतं तरी कसं?

८ एप्रिल, मंगळवार

सांगितलं. पाठीमागून काही करायचं नाही, एवढं ठरवलं होतं.

खिडकीपाशी बसवलं. माझ्या तोंडावर उजेड येईल अशी मी समोर. व्हिडिओत बसते तशीच. हळू बोलले.

"मी उद्या साहेबांना लिहून देणार आहे. लंबू थांब म्हणाला. त्याच्या ओठांवर दिसतंय. आणि तुम्हाला ऐकू येत नाही, हेही. माझ्याकडे त्याचा व्हिडिओ आहे."

ते माझ्या तोंडाकडे बघत होते. एकटक. मला वाटलं, आता ओरडतील. मारलं असतं तरी मी हलले नसते.

"थांब म्हणाला?" त्यांनी विचारलं. "तू पाहिलंस? नीट?"

"अडतीस चौकटी. शंकाच नाही."

चेहऱ्यावरचा रंगच उतरला. स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत बसले. बोटं उघडली, मिटली.

"तुला दिसलं म्हणजे तसंच असेल," म्हणाले. "तू त्यातली आहेस. दे लिहून."

भांडले असते तर बरं झालं असतं.

९ एप्रिल

दिलं. नाव, शिक्षण, एकवीस वर्षांचा अनुभव, आणि खाली – "संबंधित व्यक्तीने 'थांब' असे म्हटल्याचे मी खात्रीने सांगू शकते." खात्रीने. खाली रेघ मारली.

तुकडाही दाखवला. साहेब चष्मा वर करून पाहत होते. माझ्याच तीन हाका त्या खोलीत घुमल्या. "तुमचेच यजमान ना हे?" त्यांनी विचारलं. हो म्हटलं. पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला त्यांनी. दुसरं काही विचारलं नाही.

१२ एप्रिल, शनिवार

निकाल. लंबूला भरपाई मिळणार. ह्यांना कामावरून कमी केलं – ऐकू येत नसल्याचं लपवलं, खोटा जबाब दिला. दोन ओळी. तीस वर्षांना दोन ओळी.

लंबूचा फोन आला. रडत होता. "वहिनी, मला दादांवर काही करायचं नव्हतं. मला फक्त कुणीतरी म्हणायला हवं होतं, की मी ओरडलो."

ह्यांना फोन द्यायला गेले. हातानं नको म्हणाले. ऐकू येणार नाही म्हणून, की कशासाठी?

१३ एप्रिल

घरात दोघंच. घड्याळाची टिकटिक मला एकटीला ऐकू येते.

१५ एप्रिल, मंगळवार

सकाळी चहा घेताना हे एकदम बोलायला लागले. कपाकडे बघत.

पहिल्या दिवसापासून माझे सगळे व्हिडिओ बघत होते. जेवणाच्या सुट्टीत, शेडच्या मागे, आवाज बंद करून. मला कळू द्यायचं नव्हतं. "तुझ्यामुळेच निभत होतं. वाटलं, आता कान गेले तरी चालेल."

"आणि त्या दिवशी?"

"त्या दिवशी मी अंदाजानं नाही दाबलं गं. त्याच्या तोंडाकडे बघूनच दाबलं. बारा वर्षं तो एकच शब्द बोलतो, पत्रा बसला की. तोच दिसला मला. स्वच्छ दिसला."

"कुठला शब्द?"

हे मी आज विचारलं! सगळे इशारा, इशारा म्हणत राहिले, मीही.

"दाब," ते म्हणाले.

त, थ, द – जीभ दातांमागे, ओठांवर काहीच फरक नाही. हे मी पहिल्या आठवड्यात शिकवते.

कप तसाच ठेवून उठले. चादर लावली, थर्मोकोल धरला. उजेड उत्तम होता. थांब. दाब. दाब. थांब. पुढेमागे करून वीस वेळा बोलले. मग आवाज बंद करून बघत बसले.

कुठला कुठला, मलाच ओळखता आला नाही.